रसायनीची जमीन, रसायनीची माणसं

खालापूर तालुक्याला कारखानदारी नवी नाही. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ सालचं. त्याच पट्ट्यातल्या रसायनीतला हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स हा सरकारी कारखाना तोट्यात गेला आणि मे २०१७मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तो बंद करायचं ठरवलं. अपवाद एकच, अग्निबाणांना लागणारं नायट्रोजन टेट्रॉक्साइड बनवणारा विभाग. देशात ते दुसरीकडे बनत नव्हतं, म्हणून तो इस्रोकडे सोपवायचं ठरलं. ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमला सुमारे ६१९ कोटींना द्यायची होती. यंत्राचं मोल झालं, जमिनीचं झालं. कामगारांच्या वाट्याला स्वेच्छानिवृत्ती आली.

तोट्यातला कारखाना करदात्यांनी किती दिवस पोसायचा, हा आक्षेप रास्त आहे. निवृत्तीच्या रकमेने कायम कामगाराची देणी फिटतातही. पण कंत्राटी मजूर, कँटीनवाला, रिक्षावाला ही रक्कम मिळणाऱ्यांच्या यादीत बसत नाहीत, आणि गावाची उलाढाल यांच्यावरच चालते. शेजारच्या कर्जतची रिसॉर्टं, फार्महाऊसं रोजगार देतात, असंही म्हटलं जातं. देतात, हे खरं. मात्र मुख्यतः शनिवार-रविवारी आणि पावसाळ्यात. शिवाय रिअ‍ॅक्टरचं तापमान आणि दाब सांभाळायला शिकलेल्या ऑपरेटरचं कसब तिथे वायाच जातं. म्हणून सरकारी कारखान्याची जमीन विकतानाच, नव्या उद्योगात जुन्या कामगारांना आणि त्यांच्या मुलांना प्रशिक्षणासह प्राधान्य देण्याची अट खरेदीखतात लिहिलेली असावी, किमतीच्या आकड्याइतकीच ठळक.