शिक्का दुसऱ्याचा, माल भलताच

माय-बापहो, रावण सीतामाईच्या दारी आला तो दहा तोंडं घेऊन आला का? नाही. संन्याशाचा वेष घेऊन आला. माईनं भिक्षा घातली ती रावणाला नव्हे, त्या भगव्याला. त्या भगव्यामागं कित्येक साधूंचं तप होतं. रावणानं ते फुकट वापरलं. सीताहरण सगळे सांगतात. पण पुढं दारी आलेल्या खऱ्या साधूकडंही लोक संशयानं पाहू लागले, तर ते नुकसान कोण मोजणार?

हाच वेष आता मोबाइलवर विकायला आहे. बूट, घड्याळ, पर्स. नाव मोठ्या कंपनीचं, माल भलताच. त्याचं गोंडस नाव ‘फर्स्ट कॉपी’! विकणारा पोरगा म्हणतो, “महाराज, मी नकली सांगूनच विकतो. मग फसवलं कुणाला?”

बाळा, गिऱ्हाइकाला सांगितलंस, पण ज्याचं नाव लावलं त्याला विचारलंस का? १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यानं खोटं चिन्ह लावणं हा गुन्हा आहे, आणि तसा माल विकणं हाही गुन्हाच. शिक्षा ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड.

तुम्ही म्हणाल, कंपनी श्रीमंत, तिचं काय बिघडतं? मग घरचंच पाहा. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कुणी भलतीकडची केळी ‘जळगावची’ म्हणून विकली, तर रावेर-यावलचा शेतकरी गप्प बसेल? आपलं नाव जपायचं आणि दुसऱ्याचं ओरबाडायचं, हा कुठला न्याय?

आणि घेणाऱ्यांनो, तुम्हीही सुटला नाहीत. नकली पर्स काखेत मारून लग्नात मिरवता, तेव्हा विकणाऱ्यानं तुम्हाला सांगितलेलं खरं तुम्ही पाहणाऱ्याला सांगता का? तिथं वेष तुम्ही घेतलेला असतो.

पोटाचा प्रश्न खरा आहे. नोकरी नाही, घरी खाणारी तोंडं आहेत. मग चांगला माल आणा, त्याला दुसऱ्याचं नाव लावू नका. आपल्या नावानं, आपल्या शब्दावर विका. नफा थोडा पडेल, पण पोलीस दारी आला तर लपावं लागणार नाही.

मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून पंढरीला पायी जाते. गाडीनं जाऊन वाळवंटात उतरलं आणि पायाला धूळ चोळली, तर लोक वारकरी म्हणतील. विठोबा म्हणेल का? रामकृष्ण हरी!