पिंपातल्या पैशावर टिकलेला संघ

मैत्रिणींनो, आणि रेडिओ लावून भाकरी थापत बसलेल्या माझ्या मावश्यांनो, काकूंनो, वहिनींनो. दर वेळी मी तुमच्याशी कर्जाच्या योजना, दप्तर, हप्ते असंच बोलते. आज वेगळं बोलायचं आहे. आज एका खेळाच्या संघाबद्दल सांगते. हा संघ जपानमधल्या हिरोशिमा शहराचा, त्याचं नाव कार्प. मी त्याची चाहती आहे. आणि तो संघ जिंकण्यापेक्षा हरण्यासाठीच जास्त वर्षं ओळखला गेला.

आमच्या जावेची मुलगी पुण्यात जपानी भाषा शिकते. तिच्याकडून हा नाद मला लागला. ती बातम्या वाचून अर्थ सांगते, मी मोबाइलवर सामन्याचे तुकडे बघते. खेळ बेसबॉलचा, म्हणजे आपल्या क्रिकेटचा चुलतभाऊ म्हणा. दांडू गोल असतो, चेंडू टप्पा न पडता अंगावर येतो, तीनदा हुकला की बाद. प्रत्येक संघाला फलंदाजीची पाळी नऊ वेळा मिळते. एवढं कळलं की पुढचं आपोआप कळतं.

कार्प म्हणजे मासा. नाव परकं वाटेल, पण शेततळ्यात मासे सोडणाऱ्या आपल्या गटांना तो चांगला माहीत आहे. बीज आणताना आपण रोहू, कटला आणि सायप्रिनस मागतो ना, त्यातला सायप्रिनस म्हणजेच हा कार्प. हिरोशिमाच्या किल्ल्यालाही लोक कार्पचा किल्ला म्हणतात. प्रवाहाच्या उलट वर चढणारा मासा अशी त्याची जपानमध्ये कीर्ती आहे. संघाला नाव देताना शहराच्या मनात काय होतं ते सांगायला नको. ६ ऑगस्ट १९४५ ला या शहरावर अणुबाँब पडला. त्या वर्षाअखेरपर्यंत लाखाच्या वर माणसं गेली. घरं नव्हती, धान्य पुरत नव्हतं, अशा शहरानं चार वर्षांनी खेळाचा संघ उभा करायचं ठरवलं आणि १९५० मध्ये तो मैदानात उतरला.

आपल्याकडे कुणी म्हटलं असतं, आधी पोटाचं बघा. पण मला वाटतं, पोटाचं रोजच बघावं लागतं, म्हणूनच माणसाला संध्याकाळी बोलायला दुसरं काहीतरी लागतं.

आता पैशाची गोष्ट, कारण खरी गंमत तिथंच आहे. तिथल्या इतर संघांचे मालक मोठे. कुणाचं वर्तमानपत्र, कुणाची रेल्वे, कुणाची सिनेमा कंपनी. कार्पला असा मोठा मालकच नव्हता. शहरानं, जिल्ह्यानं, लोकांनी मिळून उभा केलेला संघ. पहिल्या वर्षी ४१ सामने जिंकले आणि ९६ हरले. आठ संघांत आठवा नंबर. दुसऱ्या वर्षी खेळाडूंचे पगार द्यायलाही पैसे उरले नाहीत. १९५१ च्या सुरुवातीला विचार असा चालला की हा संघ बंद करावा किंवा दुसऱ्या संघात विलीन करावा. तो दुसरा संघ शिमोनोसेकी गावचा, मासेमारी कंपनीचा, आणि त्याचं नाव ‘व्हेल्स’, म्हणजे देवमासे. देवमाशानं कार्प गिळायची वेळ आली होती म्हणा ना.

संघाचे प्रशिक्षक होते इशिमोतो शुइची, हिरोशिमाचेच. त्यांनी विलीन व्हायला विरोध केला. गावोगाव फिरून भाषणं केली, समर्थकांची मंडळं काढली. आणि मैदानाच्या दाराशी लाकडी पिंपं ठेवली. त्यांच्याकडे तांदळाची दारू भरतात ती पिंपं. आपल्यापैकी किती जणी दारूचं दुकान बंद करायला, आडव्या बाटलीला मत द्यायला रांगेत उभ्या राहिल्या आहेत! मला तर हसूच आलं. दारूच्या पिंपाचा एवढा चांगला उपयोग मी दुसरीकडे ऐकलेला नाही. येणारा-जाणारा त्यात नाणं टाकायचा, नोट टाकायचा. ज्याचं स्वतःचं घर जळून गेलं होतं तोही टाकायचा. आणि संघ वाचला.

वाचला, पण जिंकायला लागला नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण असल्या गोष्टी सांगताना लोक मधली वर्षं गाळतात. त्या १९५१ मध्येही कार्प शेवटचाच आला. पुढच्या वर्षी तर नियमच असा आला की ज्याची जिंकण्याची टक्केवारी ३० च्या खाली जाईल त्या संघाला काढून टाकायचं. आपल्या गटांची श्रेणी लावतात ना, अ, ब, क, तसंच. फरक इतकाच की तिथं क श्रेणी म्हणजे सरळ घरी. कार्पचा आकडा आला ३१.६. काठावर पास. सात संघांत सहावा.

मग सातवा कोण होता? शोचिकू नावाचा, सिनेमा कंपनीचा संघ. त्याची टक्केवारी २८.८. आणि हा तोच संघ, जो १९५० मध्ये, कार्प शेवटचा आला त्या वर्षी, पहिला आला होता! दोन वर्षांपूर्वीचा विजेता गेला देवमाशाच्या पोटात, आणि शेवटच्या नंबरचा कार्प आजही खेळतो आहे. हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी मुलीला दोनदा विचारलं, नीट वाचलंस ना गं?

आमच्या प्रभागात एक गट आहे, नाव घेत नाही. दहा जणींचा होता, तिघींनी बाहेरच्या फायनान्सवाल्यांचं कर्ज घेतलं, त्यांचे हप्ते भरता भरता गटाची बचत थांबली, आणि आता दप्तर कोण लिहिणार यावरून भांडण आहे. उरलेल्या सात जणी मला म्हणतात, ताई, आम्हाला शेजारच्या गटात टाका आणि सोडवा. मी त्यांना ही गोष्ट सांगितली. त्यातल्या एका काकूंनी विचारलं, “म्हणजे पिंप ठेवायचं का आम्ही?” मी म्हटलं, काकू, पेटी आहे की तुमच्याकडे, तिची किल्ली कुणाकडे आहे तेवढं सांगा. त्यांचं अजून ठरलेलं नाही. पुढच्या महिन्यात बैठक आहे. कदाचित विलीन होणंच त्यांच्या सोयीचं असेल, मी आडवी येणार नाही. फक्त ते कंटाळून होऊ नये, हिशोब मांडून व्हावं.

परत हिरोशिमाला जाऊ. १९५७ मध्ये शहरात नवं मैदान झालं, अणुबाँबात उभी राहिलेली ती घुमटाची इमारत आहे ना, तिच्या अगदी समोर. पुढं तिथल्याच मोटार कंपनीनं, आज जिला माझदा म्हणतात तिनं, संघाला हात दिला. म्हणजे नुसत्या पिंपावर कायम चालत नाही, हेही खरं. तरी नंबर खालचेच. १९७२, १९७३, १९७४, तिन्ही वर्षं शेवटचा. आणि १९७५ मध्ये डोक्यावरची निळी टोपी जाऊन लाल आली आणि तो संघ पहिला आला. पंचवीस वर्षं लागली. पिंपात पहिलं नाणं टाकणाऱ्या किती म्हाताऱ्या माणसांना तो दिवस बघायला मिळाला असेल, असं माझ्या मनात येतं.

त्या संघात किनुगासा नावाचा खेळाडू होता. सलग २,२१५ सामने खेळला, एकदाही सुट्टी नाही. १९७९ मध्ये चेंडू लागून त्याच्या खांद्यामागचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी तो फलंदाजीला आला, तीन वेळा सगळी ताकद लावून दांडू फिरवला, तिन्ही वेळा हुकला आणि बाद होऊन परत गेला. लोक अजून त्याचं कौतुक करतात. मला मात्र त्यात थोडी खोट दिसते. हाड मोडलं होतं तर त्यानं त्या दिवशी बसायला हवं होतं. आपण बायका ताप अंगावर काढतो, बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी हंडा उचलतो, त्याचे सामने कुणी मोजत नाही आणि मोजूही नयेत. दुखणं अंगावर काढण्याला मोठेपण देणं मला पटत नाही, मग तो माझ्या संघाचा का असेना.

१९७९, १९८० आणि १९८४ मध्ये कार्प साऱ्या जपानात पहिला आला. १९९१ मध्ये आपल्या लीगमध्ये पहिला. आणि मग पुन्हा पंचवीस वर्षं काही नाही. कारण साधं आहे. खेळाडूंना ठरावीक वर्षांनी संघ सोडायची मुभा मिळाली, आणि श्रीमंत संघ जास्त पैसे देऊन त्यांना नेऊ लागले. कार्पनं पोरं शोधायची, घडवायची, आणि ती तयार झाली की दुसऱ्याकडे जायची. मुलीला शिकवून सासरी पाठवतो तसं.

२००६ मध्ये कुरोदा नावाच्या गोलंदाजावर अशीच वेळ आली. तो जाऊ शकत होता. चाहत्यांनी मैदानात भलामोठा फलक धरला, तुझ्या सुखदुःखात आम्ही आहोत अशा अर्थाचा. ‘जाऊ नको’ असं त्यावर नव्हतं. तो त्या वर्षी थांबला. पुढच्या वर्षी मात्र अमेरिकेला गेला. त्याच वर्षी अराई नावाचा फलंदाजही गेला, तो तर हिरोशिमाचाच पोरगा. सोडतो आहे हे सांगताना तो सगळ्यांसमोर रडला. लोकांना ते रडणं आवडलं नाही. जातोस तर जा, वर रडतोस कशाला? तो दुसऱ्या संघाकडून हिरोशिमाला खेळायला आला की लोक त्याची हुर्यो उडवत.

२०१५ मध्ये दोघंही परत आले. कुरोदा चाळिशीचा, अमेरिकेत याहून कितीतरी जास्त पैसे मिळत असताना ते सोडून आला. अराईला आधीच्या संघात जागा उरली नव्हती, तो थोड्या पैशांवर आला. लोकांनी दोघांनाही घेतलं. हुर्यो उडवणाऱ्यांनीच टाळ्या वाजवल्या. गट सोडून गेलेली बाई परत आली की आपल्या बैठकीत काय काय ऐकवलं जातं, ते मी पुष्कळदा ऐकलं आहे. तिला ऐकवावं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. एकदाच ऐकवावं आणि सतरंजीवर सरकून जागा द्यावी.

१० सप्टेंबर २०१६ ला टोकियोत कार्पनं लीग जिंकली. त्या सामन्यात चेंडू टाकायला सुरुवात कुरोदानं केली होती. सामना संपल्यावर तो आणि अराई गळ्यात गळे घालून रडले. त्या वर्षीचा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला अराई, वय ३९. आणि आता एक आकडा ऐका. त्या विजेत्या वर्षातही कार्पनं ८९ जिंकले आणि ५२ हरले. या खेळात वर्षाला १४३ सामने असतात, सोमवार सोडला तर जवळपास रोज. पहिला येणाराही बावन्न वेळा मान खाली घालून घरी जातो. क्रिकेटच्या विश्वचषकासारखं एका सामन्यात सगळं संपत नाही. म्हणूनच हा खेळ मला आपल्यासारख्या माणसांचा वाटतो. आज दूध नासलं तरी उद्या धार काढायचीच असते.

त्या सुमारास तिथं तरुण मुलींची मोठी लाट आली होती. लाल अंगरखे घालून मुली मैदानात येऊ लागल्या. त्यांना ‘कार्प जोशी’ म्हणतात. हसू नका, हे आपले जोशी नव्हेत! जपानी भाषेत ‘जोशी’ म्हणजे मुली, बायका. टोकियोकडच्या काही मुलींना सामना बघता यावा म्हणून संघानं बुलेट ट्रेनचं भाडं भरलं होतं. आपल्या फलंदाजाची पाळी असली की अर्धे प्रेक्षक उठतात तेव्हा अर्धे बसतात, मग उलट, अशा उठाबशा काढत ते ओरडतात. संघ हरत असला तरी काढतात.

परवापरवाचं सांगते. अराई २०२३ पासून या संघाचा प्रशिक्षक झाला. २०२४ मध्ये ऑगस्ट संपताना कार्प पहिल्या नंबरवर होता. मी सासूबाईंना सांगून ठेवलं होतं, यंदा पेढे आणणार. आणि सप्टेंबरमध्ये काय झालं? पाच जिंकले, वीस हरले! पहिल्याचा चौथा झाला. १९८४ नंतर साऱ्या जपानात पहिलं येणं अजून झालेलं नाहीच. सासूबाई विचारतात, “बये, तो संघ तुला काय देतो गं?” मी म्हणते, काही देत नाही, माझं त्यात नाणंसुद्धा नाही. “मग जिंकणाऱ्याच्या मागं जा की.” आता काय सांगणार? जिंकणाऱ्याच्या मागं गर्दी असतेच, तिथं माझी कुणाला उणीव भासणार?

हिरोशिमाच्या लोकांनी मात्र पुन्हा नाणी टाकली. २००४ मध्ये तिथल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये मोठी उलथापालथ झाली, दोन संघ एकत्र करायचं ठरलं, आपलंही काही खरं नाही असं हिरोशिमाकरांना वाटलं. जुनं मैदानही थकलं होतं. तेव्हा शहरात पिंपं परत निघाली, या वेळी नव्या मैदानासाठी. ते मैदान २००९ मध्ये सुरू झालं.

नवा मोसम मार्चच्या शेवटी सुरू होतो. तिथं संध्याकाळी ६ ला सामना असला की आपल्याकडे दुपारचे अडीच वाजलेले असतात, म्हणजे नेमकी आपल्या बैठकांची वेळ. काळजी करू नका, बैठक ठरल्या वेळीच होईल, मोबाइल पिशवीत राहील. पण चहाच्या वेळी मी हळूच आकडा बघितला आणि माझं तोंड पडलेलं दिसलं, तर समजून घ्या.