उचललेली जीप

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कबनूरचा. इचलकरंजीला खेटून असलेलं आमचं गाव, आणि धंदा विचाराल तर यंत्रमागाचा. दिवसरात्र मागांचा खडखडाट ऐकणारा माणूस जीपगाडीवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. मी मेकॅनिक नाही, हे आधीच सांगून टाकतो. एका जुन्या जीपनं मला चार गोष्टी शिकवल्या. त्या शिकताना घरातली माणसं दवाखान्यात जायची थोडक्यात वाचली, म्हणून बोलतोय.

आपल्या भागाला जीप नवीन नाही. १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्रांनी विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि त्या घराण्यातल्या गाड्या पुढं गावोगाव पोचल्या. कोल्हापूर जिल्ह्यात वडाप म्हटलं की कितीतरी वर्षं डोळ्यांसमोर जीपच यायची. आत किती आणि मागं लोंबकळणारे किती, याचा हिशेब ड्रायव्हरलाही नसायचा. तरी गाडी चालायची, कारण तिच्या खाली पोलादी पाट्यांच्या चार कमानी असायच्या. या पाट्यांभोवतीच माझी सगळी गोष्ट फिरते.

माझी जीप अशीच जुनी, डिझेलवरची, फोर व्हील ड्राइव्हची. मेव्हण्याची शेती गगनबावड्याकडे. बावड्याचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. पावसाळ्यात त्याच्या वस्तीची वाट म्हणजे निम्मा ओढा आणि निम्मे दगड. एका ठिकाणी गाडीचं पोट दरवेळी दगडाला घासायचं. खालून तो आवाज आला की माझ्या पोटात गोळा यायचा. कुणीतरी सांगितलं, गाडी उचलून घ्या, हल्ली सगळे घेतात. मी एका वर्कशॉपात गेलो आणि म्हणालो, "उचलून द्या." त्यानं विचारलं, "किती?" मी म्हणालो, "चार इंच." एवढंच आमचं बोलणं. चारच का, हे त्यानं विचारलं नाही आणि मलाही सांगता आलं नसतं. दोन दिवसांत गाडी तयार. दारात उभी केली तर गल्लीतली पोरं गोळा झाली. खोटं कशाला बोलू, मलाही छाती चार इंच फुगल्यासारखी वाटली.

त्यानं काय केलं होतं ते मला फार उशिरा कळलं. पाट्याचं एक टोक गाडीच्या चासीला पक्कं असतं आणि दुसरं टोक शॅकल नावाच्या छोट्या जोडपट्टीवर झुलतं, कारण खड्ड्यात पाटा सरळ झाला की त्याची लांबी वाढते आणि तिला जागा लागते. या पट्ट्या लांब केल्या की गाडी उचलली जाते. मात्र पाट्याचं एकच टोक वर जात असल्यामुळे गाडी उचलली जाते ती वाढवलेल्या लांबीच्या निम्मीच. पट्टी चार इंचांनी लांब केली तर हाती दोनच इंच लागतात. उरलेले दोन इंच त्यानं जादा पाटे घालून काढले, तेही दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचे.

पहिले काही दिवस गाडी फक्त कडक लागत होती. मग तो रविवार आला. बावड्याहून परत येत होतो. मागं बायको, आई आणि मेव्हण्याची दोन पोरं. कोल्हापूर ओलांडून, शिरोली मागं टाकून हातकणंगल्याच्या रस्त्याला लागलो. वेग असेल पन्नासेक. पुढचं डावं चाक एका खड्ड्यातून गेलं, आणि स्टीअरिंगला असा काही झटका बसला की मला वाटलं चाकच निखळलं. पुढची दोन्ही चाकं डावी-उजवीकडे फडफडायला लागली. सगळी गाडी थरथरत होती आणि समोरून ट्रक येत होता. ब्रेकवर उभं राहावंसं वाटलं, पण पायाला धीर झाला नाही, आणि ते बरंच झालं. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, चाक नुसतं घट्ट धरून ठेवलं. गाडी जवळजवळ थांबायला आली तेव्हा ती थरथर गेली. ट्रकवाला शिव्या देत निघून गेला. आई काही बोलली नाही. तिनं नुसती पोरांच्या डोक्यांवरून हात फिरवला.

वर्कशॉपवाल्यानं आधी टायरचं बॅलन्सिंग करायला सांगितलं. केलं. फरक नाही. मग त्यानं पुढच्या हाउसिंगखाली एक पाचर सरकवली. थरथर वाढली. मग स्टीअरिंगला एक डॅम्पर बसवून दिला. डॅम्पर म्हणजे स्टीअरिंगचा शॉकअप. त्यानं थरथर गेल्यासारखी वाटली. गळणाऱ्या छपराखाली बादली ठेवली की घर कोरडं वाटतं, तसं.

आमच्या शेडमध्ये एक म्हातारे जॉबर मामा आहेत. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, जॉबर म्हणजे मागाचा डॉक्टर. त्यांनी कधी गाडी चालवलेली नाही. एका संध्याकाळी ते जीपखाली वाकून बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "मालक, माग चार इंच उचलला आन् मोटर हाय तिथंच ठिवली, तर पट्टा ऱ्हाईल व्हय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गाडीची उंची ही काही सुटी वस्तू नाही. तिला स्टीअरिंगचा दांडा बांधलेला आहे, शाफ्ट बांधलेला आहे, ब्रेकची नळी बांधलेली आहे. एक सरकलं की बाकी सगळी आपल्या जागेवरून हलतात.

चाकं का फडफडली, ते सायकलवरून चटकन समजतं. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, वरच्या बाजूला मागं कललेला असतो. त्या कलामुळे हात सोडला तरी सायकल सरळ जाते. जीपच्या पुढच्या चाकांनाही असाच कल दिलेला असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. जुन्या जीपमध्ये पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं. ते लांब केलं की पाटा पुढून खाली कलतो, त्याच्याबरोबर हाउसिंग फिरतं आणि तो कल जवळजवळ पुसला जातो. मग खड्ड्यात चाक हललं की त्याला परत सरळ आणणारं कुणी राहत नाही. त्यात जुन्या गाडीचे किंगपिन आणि टायरॉडचे सांधे ढिले असले तर विचारायलाच नको. पाचर असते ती हा गेलेला कल परत आणण्यासाठी. आमच्या जीपमध्ये हाउसिंग पाट्यांच्या वर बसतं, म्हणून पाचरीची जाड बाजू पुढं यायला हवी. माझ्या गाडीत ती मागं होती. म्हणजे औषधही उलटंच दिलेलं.

दुसऱ्या दिवशी मी आणि मामांनी मिळून गाडीची चासी जॅकवर घेतली, खाली मजबूत घोडे लावले आणि चाकं मोकळी लोंबू दिली. तुमच्यापैकी कुणी गाडी उचलून घेतली असेल तर हे एवढं जरूर करून बघा. चाक खाली लोंबल्यावर स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं आणि ब्रेकच्या रबरी नळीकडे बघायचं. आमची नळी तारेसारखी ताणली गेली होती. आणि उजव्या चाकाजवळ ती घासून पांढरी पडली होती. थरथर निदान ओरडून सांगते. ही नळी काहीही न सांगता एक दिवस फुटली असती, आणि तीही करूळ घाटात, कारण चाक सगळ्यात जास्त लोंबतं ते अशाच वाटांवर. त्या रात्री मला झोप लागली नाही.

याच आठवड्यात जयसिंगपूरकडचा एक मुलगा जीप बघायला आला. कुणाकडून तरी कळलं होतं त्याला. गाडीची उंची बघूनच तो खूश झाला. किंमत मी मनात धरली होती त्याच्यापेक्षा जास्त बोलला. घरात येऊन मी बायकोला सांगितलं, जाऊ दे, देऊन टाकू, ब्याद टळेल. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, त्या पोराच्या घरी पण माणसं असतील की." मी बाहेर आलो आणि त्याला खाली वाकून ती नळी दाखवली. तो म्हणाला, "काका, बघून घेऊ आम्ही." पण नंतर आठ दिवस त्याचा फोन आला नाही.

मग मी कोल्हापुरात उद्यमनगरात एका पाटेवाल्याकडे गेलो. त्याची पद्धत मला आवडली. त्यानं पहिल्याच दमात सांगितलं, "आता हिच्यात काही घालायचं नाही. कुणी काय काय घातलंय ते आधी काढायचं, मग मोजायचं." लांब शॅकल निघाले. परके पाटे निघाले. उलटी पाचर निघाली. जुनेच वापरलेले यू-बोल्ट निघाले, त्यातल्या एकाचे आटे संपत आले होते. एकदा ताणून आवळलेला यू-बोल्ट परत वापरायचा नसतो, आणि नवा घातला तरी पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळावा लागतो. हे त्यानं मला दोनदा सांगितलं, म्हणून मीही सांगतो.

मग त्यानं माझे मूळचे पाटे जमिनीवर ठेवले, एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत दोरी ताणली आणि मधलं अंतर मोजलं. पाट्याच्या टोकाच्या वळशाला डोळा म्हणतात. कमान जवळजवळ राहिलीच नव्हती. "मालक, तुमची गाडी ठेंगणी नव्हती. पाटे बसलेत." इतकी वर्षं ओझी वाहून माझ्या जीपची स्वतःची उंचीच गेली होती, दोन इंचांच्या आसपास. ती परत मिळवायची सोडून मी तिच्या पायात उंच टाचांचे बूट घातले होते!

त्यानं मुख्य पाटे नवे घातले, बाकीच्यांना कमान मारली, बुश, सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवे, शॅकल मूळ मापाचे. किंगपिन आणि टायरॉडचे सांधे बदलले. डॅम्पर काढून टाकला आणि तसाच गाडी चालवून बघायला सांगितलं, म्हणजे खोट झाकलेली राहू नये. मागून येणारी घरघरही गेली. तिचं कारण शाफ्ट. शाफ्टच्या दोन टोकांचे क्रॉस सारख्या कोनात असले तर एकाचा हिसका दुसरा जिरवतो. मागच्या लांब शॅकलमुळे हाउसिंगचं तोंड वर झालं होतं आणि ते कोन बिघडले होते. जीपचा मागचा शाफ्ट आखूड, त्यामुळे थोडी उंचीही त्याला फार होते.

नव्या गाड्यांचं गणित वेगळं आहे. २०२०च्या थारमध्ये पाटे नाहीत, चारही चाकांना कॉइल स्प्रिंग आहे आणि पुढचं प्रत्येक चाक स्वतंत्र आहे. तिथं स्प्रिंगवर गोल चकत्या ठेवून गाडी उचलतात. पण ब्रेकची नळी तिथंही आहेच, आणि पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या शाफ्टचे कोनही आहेत.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ म्हणतं की, आरसी बुकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. माझ्या गाडीची पंधरा वर्षं होऊन गेलेली, दर पाच वर्षांनी पासिंगला न्यावी लागते. चार इंचांची जीप घेऊन मी तिथं काय सांगणार होतो, कोण जाणे. विम्यानंही अपघातानंतर हेच विचारलं असतं.

सगळा खर्च गाडी उचलण्याच्या खर्चाच्या अडीचपट झाला. त्या वर्कशॉपवर मी फार दिवस रागावलो होतो. थोडा राग अजून आहे. पण "चार इंच" हा शब्द माझ्या तोंडचा होता, तोही मला विसरता येत नाही.

काम झाल्यावर तो जयसिंगपूरचा मुलगा पुन्हा आला. गाडीभोवती एक फेरी मारली आणि तोंड पाडून म्हणाला, "काका, उंची गेली की हो!" चहा घेतला आणि गेला. जीप अजून माझ्याकडेच आहे.

त्या पावसाळ्यात बावड्याला गेलो. पाट्यांची कमान परत आल्यामुळे पोट आता कमी घासत होतं, पण त्या एका दगडावर आवाज आलाच. मेव्हण्याला म्हटलं, अजून लागतंय बघ. तो घरात गेला, पहार घेऊन आला आणि आम्ही दोघांनी तो दगड उकरून बाजूला लोटला. अर्धा तास लागला.