मनोरुग्णाचे घर आणि आपले कर्तव्य

(पालक मेळाव्यात केलेले भाषण)





आज मी निकालाच्या टक्केवारीविषयी बोलणार नाही. माझ्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी बोलणार आहे. माझ्या नववीच्या वर्गातील एक मुलगी आठवड्यातून दोन-तीन दिवस गैरहजर राहू लागली. मी तिला वर्गासमोर उभे करून जाब विचारला. ती मान खाली घालून गप्प राहिली. शेवटी मी तिच्या घरी गेलो, तेव्हा उलगडा झाला. तिचा थोरला भाऊ दोन वर्षांपासून आजारी होता. कोणी बोलत नसताना त्याला आवाज ऐकू येत. शेजारी अन्नात विष कालवतात, असे त्याला वाटे. वडील आखातात नोकरीला. आई शिवलेले कपडे पोहोचवायला बाहेर पडली की भावाजवळ थांबायला ही मुलगी. "सर, कोणाला सांगू नका, मुलीचे लग्न व्हायचे आहे," एवढेच ती माउली म्हणाली. आज तिच्याच परवानगीने, नाव-गाव न सांगता, मी हे बोलत आहे.

या आजाराला स्किझोफ्रेनिया म्हणतात. तो बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. तो आईबापांच्या संगोपनाचा दोष नाही की कोणाच्या पापाची सजा नाही. दुआ अवश्य करा, तिने मनाला बळ येते. पण औषध सोडू नका. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आले नाही आणि 28 जण प्राणास मुकले. रुग्णाला साखळीने बांधण्यास 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाई केली आहे. परंतु घराघरांत बंद असलेली दारे कायद्याने उघडत नाहीत. ती आपणच उघडली पाहिजेत.

याउलट दुसरे उदाहरण पाहा. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना सोबत राहू दिले. घरच्यांना आजार कळला आणि रुग्णाशी कसे वागावे हेही कळले. पुढे लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, ज्या घरात सतत टोचून बोलले जाते, तेथे परतलेल्या रुग्णाचा आजार अधिक वेळा उलटतो. म्हणजे आपले बोलणे हाही उपचाराचाच भाग आहे.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवा. रुग्णाच्या भ्रमावर वाद घालू नका, त्याची टिंगलही करू नका. "तुला भीती वाटते, हे मला समजते," एवढे म्हणा. बरे वाटू लागले म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका. तो जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करील तर ती धमकी समजू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. 14416 या क्रमांकावर टेलिमानस सेवेचा सल्ला विनामूल्य मिळतो.

मात्र सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. अशा घरात आजारी माणूस एक असतो, पण झिजणारे दुसरेच कोणी असते. बहुधा ती आई असते, बहीण असते, पत्नी असते. आपण तिच्या सब्रची तारीफ करतो आणि आपापल्या घरी जातो. सब्र हे तिचे भूषण खरे. पण ते आपल्याला अंग काढून घेण्याचे निमित्त होता कामा नये. नातेवाइकांनो, आठवड्यातील एक दुपार त्या घराला द्या. विद्यार्थ्यांनो, कोणाच्या भावाला "येडा" म्हणू नका. आणि आम्ही शिक्षकांनी शिक्षा करण्यापूर्वी विचारपूस करावी.

त्या मुलीची खाला आता आठवड्यातून दोन दिवस येऊन थांबते, एक दिवस शेजारीण थांबते. भाऊ पूर्ण बरा झालेला नाही. पण तो वेळेवर औषध घेतो आणि आईने शिवलेल्या कपड्यांना बटणे लावतो. मुलगी यंदा दहावीला बसली आहे. कोणताही चमत्कार घडला नाही. चार माणसांनी ओझे वाटून घेतले, इतकेच. तुमच्या मोहल्ल्यातही असे एखादे बंद दार असेल. आज घरी जाताना त्याच्यावर थाप मारा, ही कळकळीची विनंती.

खुदा हाफिज.