आजारी मुलाची वेदना आणि घरातील औषध

वाराणसीच्या पूर्वेस सुमारे सत्तर किलोमीटरवर, गंगेच्याच काठी, गाझीपूर हे शहर वसले आहे. तेथील सरकारी अफू कारखान्याची स्थापना १८२० सालची. एके काळी ह्या भागातील अफू ‘बनारस’ ह्या नावाने चीनकडे रवाना होत असे. मॉर्फीन हे वेदनाशामक औषध मिळते ते ह्याच अफूतून. असे असूनही त्याच परिसरातील एखाद्या घरी कर्करोगाने पीडलेले मूल रात्रभर कण्हत राहते आणि औषधाची बाटली फडताळात तशीच पडून राहते, हे घडू शकते. कारण घरच्यांना भीती वाटते ती अफू ह्या शब्दाची.

वाराणसीत लहरतारा येथील होमी भाभा कर्करोग रुग्णालय आणि हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात २०१९ साली उघडलेले महामना पंडित मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्र ही दोन्ही टाटा स्मारक केंद्राची रुग्णालये होत. पूर्व उत्तर प्रदेश व बिहार येथून मुले तेथे येतात. पण मुलाचे बहुतेक दिवस जातात ते घरी, आणि तेथे वैद्याचे काम आईलाच करावे लागते.

तान्ह्या मुलांना वेदना फारशी जाणवत नाही, अशी १९८० च्या दशकापर्यंत अनेक डॉक्टरांचीही समजूत होती, डॉ. कंवलजीत आनंद यांच्या संशोधनाने ती खोटी ठरविली. घरोघरी मात्र तिचे अवशेष अजून आढळतात. मूल रडत नाही, म्हणजे त्याला दुखत नाही, असे मानले जाते. वास्तविक दीर्घकाळ दुखणाऱ्या मुलाचे रडणे आटते; ते खेळणे सोडते, अंग आखडून पडून राहते, कोणी हात लावू गेल्यास दचकते. आईने हीच चिन्हे पाहावयाची.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली मुलांसाठी दोनच पायऱ्या सुचविल्या: सौम्य वेदनेस पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, आणि मध्यम वा तीव्र वेदनेस मॉर्फीनसारखे प्रबळ औषध. कोडीनची मधली पायरी वगळण्यात आली, कारण प्रत्येक मुलाच्या शरीरात त्याचा परिणाम निरनिराळा होतो. वेदना सतत असल्यास औषध घड्याळ पाहून द्यावयाचे, रडण्याची वाट पाहून नव्हे. मात्रा डॉक्टरच ठरवितात, मुलाच्या वजनावरून. दीर्घकाळ परिणाम करणारी गोळी कुटून देऊ नये. मॉर्फीनने मलावरोध होतोच, म्हणून सारक औषध पहिल्या दिवसापासून हवे. आरंभी मूल पुष्कळ झोपते. कित्येक रात्रींची ती साचलेली झोप असू शकते. परंतु हाका मारूनही ते जागे होत नसेल, किंवा श्वास फार मंदावला असेल, तर पुढील मात्रा न देता तत्काळ रुग्णालय गाठावे.

आणि व्यसन? वेदनेसाठी देखरेखीखाली दिलेल्या औषधाने मुलास व्यसन लागण्याचा संभव अत्यल्प असतो. शरीराला सवय होते, हे खरे. म्हणूनच ते एकाएकी बंद न करता हळूहळू कमी करावे लागते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने मॉर्फीन रुग्णालयांनाही दुर्मिळ करून सोडले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ही वाट कायद्यापुरती सुकर झाली.

बाटली कुलुपात ठेवावी. घरातील धाकट्या भावंडांसाठी ते विषच होय. उपचार थांबल्यावर उरलेले औषध नाल्यात वा गंगेत न ओतता रुग्णालयात परत करावे.