विश्वप्रवास आणि विश्वास

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



संयोजकांनी मला 'मित्रांसमवेत दीर्घ विश्वप्रवास आणि त्यातून बदलणारी दृष्टी' हा विषय दिला, त्यामागचे कारण मी जाणतो. गेली वीस-बावीस वर्षे आम्ही सहा मित्र सहकुटुंब परदेशवारी करीत आहोत, हे गावात सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा मी आज स्वित्झर्लंडच्या बर्फाचे आणि सिंगापूरच्या स्वच्छतेचे वर्णन करीन, अशी आपली अपेक्षा असणार. परंतु मी कापडाचा व्यापारी आहे. मापाच्या बाबतीत मला काटेकोर राहावे लागते. दहा-पंधरा दिवसांच्या सहलीला दीर्घ प्रवास म्हणणे म्हणजे कटपीसला तागा म्हणून विकण्यासारखे आहे. म्हणून आमच्या सहलींविषयी थोडे बोलून मी ज्यांचा प्रवास खरोखर तागाभर होता, त्यांच्याकडे वळणार आहे.

आमच्या सहलींत स्वयंपाकी महाराज बरोबर असतात. सकाळी पोहे-उपमा, दुपारी बसमध्ये ठेपले, सायंकाळी हॉटेलच्या सभागृहात कांदा-लसणाविरहित भोजन. वयोवृद्ध मंडळींना आणि व्रतस्थ भगिनींना ही व्यवस्था म्हणजे वरदान आहे; तिची टिंगल करणाऱ्यांपैकी मी नाही. गंमत अशी की, जून महिन्यात पॅरिसला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे चौविहार करणाऱ्यांची सोय तेथे आपल्या गावापेक्षाही अधिक होते! पण या साऱ्या वर्षांत आम्ही विमानतळ, संग्रहालये, राजवाडे आणि दुकाने पाहिली. एकाही घराचा उंबरठा ओलांडला नाही. कोणी आम्हांस 'या, बसा' म्हटले नाही, आणि म्हणण्याचे कारणही नव्हते. आम्ही पैसे मोजून गेलेले ग्राहक होतो. ग्राहकाशी सौजन्याने वागावे, हे त्यांच्या दुकानदारांनाही आपल्याइतकेच कळते.

आता दुसऱ्या प्रकारच्या प्रवासाकडे येतो.

राजस्थानातील श्रीडुंगरगढ येथे १९३६ साली एका जैन कुटुंबात सतीशकुमार यांचा जन्म झाला. वयाच्या नवव्या वर्षी त्यांनी तेरापंथात मुनिदीक्षा घेतली आणि अठराव्या वर्षी ते संघातून बाहेर पडले. महात्मा गांधींच्या विचारांचा प्रभाव त्यामागे होता. पुढे ते विनोबाजींच्या भूदान कार्यात सहभागी झाले. दीक्षा सोडलेल्या व्यक्तीचे नाव या व्यासपीठावरून घेणे काही ज्येष्ठांना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. त्या निर्णयाचे समर्थन वा निषेध करण्याचा अधिकार माझ्यासारख्या श्रावकाला नाही. मी केवळ त्यांच्या चालण्याविषयी बोलणार आहे.

१९६१ साली इंग्लंडचे तत्त्ववेत्ते बर्ट्रांड रसेल यांना अण्वस्त्रविरोधी आंदोलनात वयाच्या ८९ व्या वर्षी कारावास झाला. ही वार्ता बेंगळुरूच्या एका उपाहारगृहात वाचत असताना सतीशकुमार आणि त्यांचे केरळीय मित्र ई. पी. मेनन यांच्या मनात असे आले की, नव्वदीचा वृद्ध तुरुंगात जातो आणि आपण तरुण माणसे कॉफी पीत बसतो, हे काही ठीक नाही. त्यातून दिल्लीहून पायी निघून मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टन या अण्वस्त्रधारी राष्ट्रांच्या चार राजधान्यांत शांतीचा निरोप घेऊन जाण्याचा संकल्प झाला. आशीर्वादासाठी ते विनोबाजींकडे गेले. विनोबाजींनी दोन अटी घातल्या : जवळ एकही पैसा ठेवायचा नाही आणि शाकाहार सोडायचा नाही.

पहिली अट ऐकून कोणाही व्यापाऱ्याच्या पोटात गोळा येईल. त्यामागचा विनोबाजींचा विचार मात्र मोठा व्यवहारी होता. जवळ पैसा असला की दिवसभर चालून थकलेला माणूस खाणावळ शोधतो, जेवतो आणि झोपी जातो. त्याला कोणाशी बोलण्याची गरजच उरत नाही. पैसा नसला तर त्याला कोणाचे तरी दार ठोठवावे लागते. दार उघडणाऱ्याने पुढे केलेले मांसान्न त्याने नाकारले की 'का बरे?' असा प्रश्न येतो, आणि तेथून संभाषण सुरू होते. म्हणजे आपण सहलीला जाताना ज्या दोन गोष्टींची पक्की तजवीज करतो, पैसा आणि आपले जेवण, त्याच दोन गोष्टींची अडचण विनोबाजींनी मुद्दाम त्यांच्या वाटेत ठेवली.

१ जून १९६२ रोजी राजघाटावरून दोघे निघाले. पाकिस्तानच्या सरहद्दीवर निरोप द्यायला आलेल्या स्नेह्यांनी वाटेसाठी अन्नाच्या पुड्या आणल्या होत्या. फाळणीला जेमतेम पंधरा वर्षे झाली होती. शत्रूच्या मुलुखात कोण जेवू घालणार, ही त्यांची काळजी. दोघांनी त्या पुड्या परत केल्या. सतीशकुमार यांनी पुढे या प्रसंगाचे वर्णन करताना त्या पुड्यांत अन्न नव्हे, अविश्वास बांधलेला होता, अशा आशयाचे उद्गार काढले आहेत. सरहद्द ओलांडल्यावर थोड्याच वेळात एक अनोळखी गृहस्थ स्वतः पुढे आले. शांतीसाठी पायी निघालेले दोन भारतीय ते तुम्हीच का, असे त्यांनी विचारले आणि लाहोरला आपल्या घरी येण्याचा आग्रह केला.

तेथून खैबर खिंड, अफगाणिस्तान, इराण, आर्मेनिया, जॉर्जिया, मॉस्को आणि पुढे युरोप असा मार्ग होता. जॉर्जियात काळ्या समुद्राच्या परिसरात चहाच्या कारखान्यातील दोन स्त्रियांनी त्यांना चहाचे चार पुडे दिले, चार राजधान्यांसाठी चार. अण्वस्त्राची कळ दाबण्याचा विचार मनात आलाच तर त्या राज्यकर्त्याने क्षणभर थांबून हा चहा घ्यावा, असा त्यांचा निरोप होता. पॅरिसला निदर्शनाबद्दल दोघांना तुरुंगवास घडला. वेल्समध्ये प्रत्यक्ष रसेल यांची भेट झाली. अटलांटिक महासागर पायी ओलांडता येत नाही. तेव्हा रसेल यांच्या साहाय्याने जहाजाची तिकिटे मिळाली. १९६४ च्या जानेवारीत ते वॉशिंग्टनला पोहोचले. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची २२ नोव्हेंबर १९६३ रोजी हत्या झाली होती. गांधीजींच्या समाधीपासून निघालेली ती यात्रा सुमारे आठ हजार मैलांनंतर केनेडी यांच्या समाधीपाशी संपली.

त्यांच्या चालण्याने अण्वस्त्रे कमी झाली काय? नाही. ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्को येथे अणुचाचण्यांवर अंशतः बंदी घालणारा करार झाला. त्यावर अमेरिका, रशिया आणि ब्रिटन यांनी सह्या केल्या, फ्रान्सने केली नाही. त्याचे श्रेय दोन पदयात्रींना देणे ही अतिशयोक्ती ठरेल. राज्यकर्त्यांची दृष्टी बदलायला निघालेल्या या दोघांची स्वतःचीच दृष्टी बदलली, असे मला वाटते. भारतीय म्हणून दार ठोठावले तर पलीकडे पाकिस्तानी वा रशियन भेटतो आणि माणूस म्हणून ठोठावले तर माणूस भेटतो, अशा अर्थाचे सतीशकुमार यांचे प्रतिपादन प्रसिद्ध आहे. असे वाक्य भिंतीवर लिहिणे सोपे आहे. सरहद्दीवर हातातली अन्नाची पुडी परत करून मग ते म्हणणे वेगळे.

येथे माझ्या धंद्यातील एक गोष्ट सांगतो. माझे वडील खरेदीसाठी मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटला जात, तेव्हा रात्री आडत्याच्या पेढीवर गादीवरच झोपत आणि त्याच्याच घरी जेवत. पेमेंट हुंडीने होई. 'शहाजोग' हुंडी ज्येष्ठांना आठवत असेल. तिचे पैसे कोणाही ऐऱ्यागैऱ्याला मिळत नसत. बाजारात पत असलेल्या गृहस्थामार्फतच ती वटत असे. कागद चिटोराएवढा, पण त्यामागे माणसाची पत उभी असे. आज मी सुरतला जातो तो हॉटेलात उतरतो, पैसे बँकेतून क्षणात जमा होतात आणि आडत्याच्या मुलाबाळांची नावेही मला ठाऊक नसतात. व्यवहार शीघ्र झाला, निर्धोक झाला, ही उत्तमच गोष्ट आहे. परंतु पैसा हाती असला की आपली पत किती हे तपासून पाहण्याची वेळच येत नाही, हेही खरे. या दोन मित्रांनी दीड वर्षाहून अधिक काळ प्रत्येक सायंकाळी अनोळखी दारात आपली हुंडी टाकली. ती वटली नाही तर उपास घडणार होता.

हिशेबी माणूस म्हणून आणखी एक नोंद मला केलीच पाहिजे. 'पैशाविना प्रवास' हा शब्दप्रयोग पूर्णतः बरोबर नाही. पैसा खर्च झालाच. तो यजमानांचा झाला. लाहोरच्या, काबूलच्या, तेहरानच्या गृहिणींनी भाकरी भाजली, रसेल यांनी तिकिटांसाठी खटपट केली. जमाखर्चाच्या वहीत या साऱ्यांची नावे जमेच्या बाजूला दिसली पाहिजेत. अशा प्रवासाचा गौरव करताना आपण बहुधा चालणाऱ्यांचीच नावे घेतो, हे मला खटकते.

मित्राच्या सोबतीविषयीही बोलले पाहिजे, कारण विषयात तो शब्द आहे. एकटा मनुष्य थकला, रागावला, व्रत मोडण्याच्या बेतात आला, तर त्याला पाहणारे कोणी नसते. बरोबर मित्र असला की साक्षीदार असतो. पण दीर्घ प्रवासात मैत्रीचीही परीक्षा होते. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. इराण, इराक, बगदादपासून अलेप्पोपर्यंतचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, ब्रह्मदेश अशी सुमारे ७१,००० किलोमीटरची मजल होती. एक मित्र तेहरानहून घरी परतला. एकाला अमेरिका इतकी आवडली की तो तेथेच राहिला, आणि त्याच्या जाण्याने खिन्न झालेला आणखी एक मायदेशी आला. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत परतले. परतलेल्या तिघांचे कौतुक झालेच पाहिजे. पण अर्ध्या वाटेवरून वळलेल्यांना मी कच्चे मानीत नाही. पंधरा दिवसांच्या सहलीत खिडकीच्या जागेवरून आमच्यात दोन दिवस अबोला झाल्याचे मी पाहिले आहे. तेथे तर साडेचार वर्षांचा प्रश्न होता.

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे येतो, आणि त्यासाठीच मी हे निमंत्रण स्वीकारले.

पदयात्रा, गोचरी, अपरिग्रह हे शब्द आपल्याला नवे नाहीत. आपले साधू-साध्वी आयुष्यभर विहार करतात. एक पैसा जवळ बाळगीत नाहीत. नऊ वर्षांच्या मुलाने पुढे नऊ वर्षे जे अंगवळणी पाडले, तेच त्याला जगभर उपयोगी पडले, असे मी मानतो. परंतु विहारात दार उघडणारे आपण श्रावक असतो, व्रते जाणणारे, वाट पाहत उभे असलेले. या दोघांसाठी दार उघडणारे मुसलमान होते, ख्रिस्ती होते आणि ईश्वर न मानणारे साम्यवादीही होते. समजा, तशीच दोन माणसे, एक राजस्थानी जैन आणि एक केरळीय हिंदू, आज रात्री नऊ वाजता खिशात पैसे नसताना आपल्या धर्मशाळेच्या फाटकाशी उभी राहिली, तर काय होईल?

फलक आपण सर्वांनी वाचला आहे. एकट्या व्यक्तीस खोली दिली जाणार नाही. अन्य समाजातील व्यक्तीस कार्यालयाच्या परवानगीशिवाय प्रवेश नाही. रात्री आठनंतर नोंदणी बंद. हे नियम द्वेषातून झालेले नाहीत. एकट्या उतरलेल्या माणसाने जिवाचे बरेवाईट करून घेतल्याच्या घटना ठिकठिकाणी घडल्या आहेत, चोऱ्या होतात, पोलिसांची चौकशी आली की आपल्या मुनीमजींना रात्ररात्र बसावे लागते. नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर ओळखपत्रांची दक्षता वाढली, ती योग्यच होती. परदेशी पाहुणा उतरल्यास त्याची माहिती चोवीस तासांच्या आत शासनाला कळवावी लागते. पण ते काम आता संगणकावर होते, आणि आपल्या कार्यालयात संगणक आहे.

माझी सूचना मर्यादित आहे. तळमजल्यावरील दोन खोल्या पायी वा सायकलने प्रवास करणाऱ्यांसाठी राखून ठेवाव्यात. ओळखपत्र पाहावे, नोंद करावी. जात, पंथ विचारू नये. एका रात्रीचे शुल्क घेऊ नये. रात्री आलेल्यास भोजनशाळेच्या नियमाप्रमाणे जेवण देता येणार नाही, ते कोणी मागूही नये. पण उकळलेले पाणी आणि सकाळी नवकारशीनंतर अल्पाहार देता येईल. जोखमीची जबाबदारी एकट्या मुनीमजींवर न टाकता विश्वस्तांनी पाळी लावून घ्यावी. पहिल्या महिन्याची पाळी माझी. चादरी, अभ्रे आणि टॉवेल पुढील दहा वर्षे माझ्या पेढीकडून येतील, आणि ते कटपीसचे नसतील, याची खात्री बाळगावी.

ठरावाचा मसुदा मी लिहून आणला आहे. अनुमोदक म्हणून आमच्या सहलीच्या पाचही मित्रांनी त्याखाली सह्या केल्या आहेत, खिडकीवरून अबोला धरणाऱ्या दोघांनीही. तो मी अध्यक्ष महोदयांच्या हाती देतो. सुवर्णमहोत्सवी सर्वसाधारण सभेत त्यावर चर्चा व्हावी, ही नम्र विनंती.

जय जिनेंद्र.