पेसमेकर बसविल्यानंतरची दक्षता



हृदयाची मंदावलेली गती सावरणारा पेसमेकर आता केवळ श्रीमंतांसाठी राहिलेला नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत या शस्त्रक्रियेचाही समावेश आहे. परंतु टाके निघाले म्हणजे काम संपले, असे समजून रुग्ण गावी परततो आणि पुढील तपासणी राहून जाते. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातील माणसाने प्रकृती ठीक असताना मजुरी बुडवून दूरच्या रुग्णालयात का जावे, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपण त्याला दिले पाहिजे.

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातील पहिला पेसमेकर बसविण्यात आला. तो काही तासांतच बंद पडला. पुढे त्यांना वीसहून अधिक यंत्रे बसवावी लागली. तरी ते २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. वेळेवर केलेल्या बदलाचे हे फळ होय.

उशिरा उद्भवणारे दोष मुख्यतः तीन. पहिला, बॅटरी संपणे. ती साधारणतः ५ ते १५ वर्षे टिकते. नंतर यंत्रच बदलावे लागते. दुसरा, हृदयापर्यंत गेलेली तार तुटणे, झिजणे वा सरकणे. अशा वेळी भोवळ येणे, शुद्ध हरपणे ही जुनी लक्षणे परततात. तिसरा, जंतुसंसर्ग. यंत्रावरची कातडी लाल, गरम किंवा पातळ होते, पू येतो. हे कित्येक वर्षांनंतरही घडू शकते. गळू समजून ते चिरणे, सुई टोचणे वा डाग देणे जिवावर बेतते. संसर्ग रक्तात शिरण्यापूर्वी रुग्णास शस्त्रक्रियेच्या ठिकाणी पोहोचविले पाहिजे. पुष्कळदा यंत्र व तारा दोन्ही काढाव्या लागतात.

आपले काम अवघड नाही. रुग्णाच्या संमतीने गावातील आशा कार्यकर्तीने पुढील तपासणीची तारीख वहीत नोंदवावी. शिक्षकांनी पेसमेकरचे ओळखपत्र घरच्यांना वाचून दाखवावे, मिनिटभर नाडी मोजण्यास शिकवावे. डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याहून ठोके कमी भरल्यास थांबू नये. पंचायतीने वाहनाची सोय पाहावी. आणि रुग्ण निवर्तल्यास दहनापूर्वी डॉक्टरांकडून यंत्र काढून घ्यावे. आगीत त्याचा स्फोट होतो.

शस्त्रक्रिया शहरात होते, पण तिचे यश गावात टिकवावयाचे असते. ती जबाबदारी आपली आहे.

जय हिंद! जय महाराष्ट्र!